पास झालेल्या बायका

स्लोकन खोऱ्यात डोरीन चेर्नोफ या सुईणीने सव्वीस वर्षांत सहाशेच्या वर बाळंतपणं घरोघरी जाऊन केली. एवढ्या काळात तिने लोकांकडे हट्ट असा एकच धरला: काडीची तपासणी चुकवायची नाही. गरोदरपणाच्या छत्तिसाव्या आठवड्यात कापूस लावलेली काडी बाईने योनीत आपली आपण फिरवून तपासायला द्यायची. दर चार-पाच जणींमागे एकीच्या अंगात बी गटाचा स्ट्रेप हा जंतू मुक्कामाला असतो. आईला त्याचा पत्ताही नसतो. बाळाला मात्र बाहेर येताना तो लागला, तर एका दिवसात होत्याचं नव्हतं होऊ शकतं. म्हणून जंतू सापडला, की कळा सुरू झाल्यापासून बाळ येईपर्यंत दर चार तासांनी शिरेतून पेनिसिलिन. डोरीन ते घरातच द्यायची, बाटली पडद्याच्या दांडीला टांगून.

खोऱ्यातली माणसं पाव घरी भाजणारी, साबण घरी करणारी. औषधाचं नाव काढलं की त्यांचे चेहरे आंबट व्हायचे. त्यांना तपासणी गोड वाटावी म्हणून डोरीनने एक लकब लावून घेतली होती. जंतू नसला की ती फोनवर म्हणायची, "पास झालीस गं." असला, तर नापास हा शब्द ती उच्चारायची नाही. ऐकणारीला तो ऐकू यायचाच.

बाळंतिणीची पाठ चोळायला आणि सूप रांधायला बरोबर कॉलीन असायची, अठरा वर्षं. डोरीनचा नवरा गेला तेव्हा महिनाभर तिच्याकडे झोपायला आलेली तीच. पोटापाण्याला तिचं लसणाचं शेत होतं.

एप्रिलात ॲस्ट्रिड बाळंत झाली. ती पास झालेली, म्हणून सुई नाही. दहाव्या तासाला तिने फोन केला, की बाळ दूध घेत नाही. मागून येणारं बाळाचं कण्हणं डोरीनने ऐकलं आणि बोलता बोलताच दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात बाळाच्या रक्तात तोच जंतू निघाला. डॉक्टरीणबाईंनी निकालाचा कागद पाहिला आणि तपासणीनंतरही जंतू येऊ शकतो, असं समजुतीने सांगितलं. त्या समजुतीनेच ॲस्ट्रिडचा बांध फुटला. तपासणीआधी पाच रात्री तिने लसणाची पाकळी आत ठेवली होती.

"कुणी सांगितलं?" डोरीनने विचारलं.

"कॉलीनने."

डोरीन शेतावर पोचली तेव्हा कॉलीन वाफ्यात तण काढत होती. बाळ नळ्यांमध्ये आहे हे ऐकून तिने खुरपं बाजूला ठेवलं. किती जणींना सांगितलंस, या प्रश्नावर तिने मातीतच बोटं मोजायला घेतली आणि मध्येच थांबली.

"पोरी सुईला घाबरतात गं," ती म्हणाली. "आणि पास-नापास तूच सुरू केलंस. मी आपली शिकवणी घेतली."

"लसणाने जंतू मेला नव्हता, कॉलीन. फक्त काडीला दिसला नव्हता."

डोरीन गाडीकडे वळली.

बाळ अकराव्या दिवशी घरी आलं. या जंतूने ऐकू येणं जाऊ शकतं, म्हणून कानांची तपासणी अजून व्हायची होती. तोवर डोरीनने दिवस भरत आलेल्या चौघींच्या घरी नव्या काड्या नेल्या. लसूण कुणीकुणी वापरला, एवढंच विचारायचं, ओरडायचं नाही, असं ती गाडीत स्वतःला बजावत होती. तिघींनी मान खाली घालून हो म्हटलं. चौथी, मेव्ह नावाची, मात्र गोंधळून तिच्याकडे बघत राहिली.

"तुम्हीच ना सांगितलं होतंत?" ती म्हणाली. "कॉलीन म्हणाली, डोरीनचाच उपाय आहे, तिला तो फक्त कागदावर लिहून द्यायची परवानगी नाही."

डोरीनने काडी तिच्या हातात दिली, आणि मेव्ह न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत ती दाराशी उभी राहिली.