गेटवर अडलेलं अंडं

रामनाथ चुरींनी तारापूरच्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये उभा जन्म काढला, पण रसायनांशी त्यांचा संबंध पिंपाच्या बाहेरून. पिंप आलं, चिठ्ठी बघितली, पिंप दिलं. आत काय आहे आणि त्याचं पुढे काय होतं हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, असं त्यांचं मत होतं.

विचारण्याचं खातं पाम गावात, घरी, त्यांच्या बायकोकडे, जयवंतीबाईंकडे होतं. मुलगी भाविका लग्न होऊन गेली, दुपार मोकळी झाली आणि बाईंना स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल शंका येऊ लागली. लिंबू पिळलं की चहा फिका का पडतो? हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो?

"मला काय म्हायती?" रामनाथ म्हणायचे.

"तुमाला नाय म्हायती, पण कंपनीत एवढी शिकलेली माणसं हायत. जेवायच्या सुट्टीत विचारा."

"हळदीचं विचारू? लोक हसतील."

"हसून झाल्यावर सांगतील ना."

रामनाथ दोन-चारदा "विचारलं, साहेब कामात होते" असं सांगून सुटले. पण खोटं बोलताना त्यांची नजर पंख्याकडे जायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. एका रविवारी ताटात बोंबील आलेच नाहीत. बाईंनी शांतपणे डाळ वाढली आणि त्या म्हणाल्या, "हळदीचं कळलं की तळते."

सोमवारी रामनाथ लॅबच्या दारात उभे राहिले. लॅबमधला धर्मेश हा वापीकडचा तरुण. त्याने प्रश्न ऐकला, हसूनही घेतलं, पण मग साबण आणि हळद खरोखर काचेच्या तबकडीत कालवून दाखवली. "साबण म्हणजे अल्कली, काका. अल्कली लागली की हळद लाल होणारच. काकी अजून काय विचारतात?"

तेव्हापासून रोज डब्याबरोबर एक प्रश्न यायला लागला. रामनाथ दिसले की लॅबवाले विचारायचे, "आज काय?" इतकी वर्षं त्यांना कुणी इतक्या आवडीने हाक मारली नव्हती. त्यांना संकोच वाटायचा आणि बरंही वाटायचं.

मग अंड्याचं प्रकरण घडलं. भाविका माहेरी आली तेव्हा नूडल्ससाठी आणलेली व्हिनेगरची बाटली मागे ठेवून गेली होती. व्हिनेगरमध्ये कांदा मुरतो, तर अंडं मुरेल का, म्हणून बाईंनी पेल्यात एक अंडं बुडवलं. त्याला बारीक बुडबुडे आले, वर फेस धरला आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तर टरफल गायब. नुसत्या पातळ पापुद्र्यातलं मऊ, फुगलेलं अंडं पेल्यात लोळत होतं.

"टरफल गेलं कुठं?" त्यांनी रामनाथांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच ते खाल्लं होतं.

धर्मेशचा निरोप आला, की टरफल आंबटात विरघळलं आणि त्याचा गॅस झाला, तेच ते बुडबुडे. बाईंना पटलं नाही. "अख्खं टरफल असं हवेत जाईल? त्यांनी पाहिलं नाय ना, म्हणून बोलतात." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते अंडं रुमालात गुंडाळून चपात्यांच्या खालच्या कप्प्यात पाठवलं.

गेटवरच्या रखवालदाराला डब्यातून आंबट वास आला. त्याने झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. "चाचा, ये क्या है?"

"अंडा है."

"अंडा ऐसा नहीं होता."

"हमारी बायको ने उसका कपडा उतारा है," रामनाथांनी जमेल तसं समजावलं.

रखवालदाराने सेफ्टी ऑफिसरला बोलावलं. ते हातमोजे आणि गॉगल चढवून आले, डबा टेबलावर ठेवायला लावला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. पहिल्या पाळीची माणसं गेटबाहेर खोळंबली. मागचे पुढच्यांना विचारत होते, पुढचे सांगत होते की रामनाथच्या डब्यात काहीतरी सापडलंय. रामनाथांना भुई फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शेवटी धर्मेश धावत आला. त्याने अंडं तळहातावर घेऊन मोबाईलचा उजेड खालून धरला. आतला बलक हलताना दिसला. मग चार बोटं उंचीवरून त्याने ते टेबलावर सोडलं. अंडं रबराच्या चेंडूसारखं टुणकन उडालं. लांबची माणसं जवळ आली.

"मला द्या," सेफ्टी ऑफिसर म्हणाले. त्यांनी अंडं थेट खांद्याच्या उंचीवरून सोडलं. ते फुटलं आणि बलक त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर पसरला.

"अंडंच होतं, साहेब," रामनाथ हळूच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी घाबरत घाबरत घरी सांगितलं. बाईंनी फक्त विचारलं, "किती उंचावरून टाकलं?"

"खांद्यावरून."

"मग फुटणारच. मोठ्या माणसांना धीर नाय."

पुढे सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या घरच्यांना कंपनी दाखवायची होती, तेव्हा सेफ्टी ऑफिसरांनी स्वतः निरोप धाडला की चुरीवहिनींना आणाच. बाई गजरा माळून गेल्या, त्यामुळे हेल्मेट काही केल्या डोक्यावर बसेना. त्या एका हाताने ते धरून फिरल्या. एका भल्यामोठ्या रिअॅक्टरपाशी थांबून त्यांनी विचारलं, "एवढं शिजवता, खाली लागत नाय?"

ऑफिसर खुलले. भांड्याभोवती दुसरं कवच असतं, आच थेट न लावता त्यातून वाफ फिरवतात, गार करायचं तर पाणी सोडतात, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. बाईंनी सगळं मान डोलावत ऐकलं.

घरी आल्यावर त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, त्यात दुधाचं पातेलं ठेवलं आणि मंद गॅसवर चढवलं. दूध अजिबात लागलं नाही. रामनाथांना चहा मात्र जेवणाच्या वेळेला मिळाला.