पॉलिक्रोनीसची दोन आणि माझी एक्केचाळीस

पॉलिक्रोनीसबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करतो: त्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं. तो आमचा कुंबारोस. आमच्या लग्नात माझ्या आणि कल्लिरोईच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल त्यानेच तीनदा केली, आमच्या मुलीला बाप्तिस्म्याचं तेल त्यानेच लावलं. रक्ताचं नसलं तरी रक्ताहून जवळचं नातं; एकमेकांना हाकही त्याच नात्याने, पुरुषाला कुंबारे, बाईला कुंबारा. अशा माणसाचा हेवा करणं पाप आहे, आणि ते पाप मी छत्तीस वर्षं नेमाने केलं.

आमच्या कासोस या ग्रीक बेटावर पुरुष म्हणजे दर्यावर्दी. पॉलिक्रोनीस सोळाव्या वर्षी बोटीवर चढला, इंजिनखोलीत तेल पुसता पुसता तिसरा इंजिनिअर झाला, आणि चाळीस वर्षांनी एक ट्रंक, एक बहिरा कान आणि दिवसाला साठ सिगारेटींची सवय घेऊन घरी आला. मी बेटावरची एकुलती एक बस चालवली. पाच गावं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला एक कॉफी पिऊन संपणार नाही एवढा वेळ. कॅफेत सगळे योकोहामाच्या आणि सुएझच्या गोष्टी सांगायचे. माझ्याकडे पोली गावाच्या चढावर आडव्या आलेल्या बकऱ्यांच्या गोष्टी. माझी गोष्ट अर्ध्यात आली की निकितास कॅफेवाला कप विसळायला उठायचा.

पॉलिक्रोनीसची बायको गेली त्या वर्षी त्याने सिगारेट सोडली. पिरेअस बंदरातल्या एका लेथवाल्याकडून त्याने ई-सिगारेटची दोन यंत्रं करून आणली. स्टीलची, ठेंगणी, अगदी एकासारखी एक. ड्रिलच्या पात्यावर तार गुंडाळून कॉइल करायची, सात वेढे, आत कापूस भरायचा, वर काच बसवायची. सगळं स्वतःच्या हाताने. एक यंत्र शर्टाच्या खिशात, दुसरं खिडकीत रुमालात गुंडाळलेलं. तारेचं एक रीळ, कापसाची पिशवी, चार बॅटऱ्या, काडेपेटीत रबरी कड्या. एवढाच संसार. नऊ वर्षांत त्याने त्यात भर घातली नाही.

मी एकदा विचारलं, "दोनच का रे, कुंबारे?"

"बोटीवर असंच असतं," तो म्हणाला. "एक चालू, एक तयार. जे आपल्याला दुरुस्त करता येतं ते दोन पुरे. जे करता येत नाही ते चाळीस असले तरी कमीच."

"आणि दोन्ही गेली तर?"

"तर शेजारी कशाला असतात?" तो हसला.

असली वाक्यं तो सहज बोलून जायचा आणि मला रात्रभर सलायची.

पण खरा काटा वेगळाच. माझी कल्लिरोई विसाव्या वर्षापासून ओढत होती. मी विनवलं, ओरडलो, पाकिटं समुद्रात फेकली, पनागियाच्या, म्हणजे मरियममातेच्या, देवळात तिच्या नावाने मेणबत्त्या लावल्या. ती ऐकेना. मग एका हिवाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं, तिला हेलिकॉप्टरने रोड्सच्या इस्पितळात न्यावं लागलं, आणि डॉक्टरने सांगितलं की पुन्हा सिगारेटला हात लावलास तर परत माझ्याकडे येऊ नकोस, थेट पाद्र्याकडे जा. ती घरी आली त्या दिवशी पॉलिक्रोनीस दारात उभा. लेथवाल्याकडून तिसरं तसंच यंत्र मागवून आणलं होतं. "घे कुंबारा," तो तिला म्हणाला, "हात थरथरतील तेव्हा हे धर." आणि तिने सोडली! माझं इतक्या वर्षांचं ओरडणं एका बाजूला आणि त्याचं एक वाक्य एका बाजूला.

तेव्हापासून दर शनिवारी ती नवी तार गुंडाळून घ्यायला त्याच्या अंगणात जायची. जाताना वाडगाभर दोल्मे. द्राक्षाच्या पानांचे, करंगळीएवढे, आमच्याकडच्या बायका करतात तसे. मी खिडकीतून बघायचो. तसलं काही नव्हतं, मला ठाऊक होतं. दोघं साठी ओलांडलेली, मध्ये ड्रिलचं पातं आणि कापूस. तसलं काही असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग मी ठरवलं, माझ्या बायकोला वाफ पुरवीन तर मीच. मी मागवायला सुरुवात केली. एक चिनी, तयार कॉइलचं. ते गळायचं. दुसरं गरम व्हायचं. तिसऱ्याला रंगीत दिवे होते, ते तिने नातवंडाच्या खेळण्यांत ठेवलं. चौथं, दहावं, विसावं. बोटीने खोकं आलं की बोटीची एजंटबाई रिगोपुला धक्क्यावरूनच ओरडायची, "मिनास, तुझं अजून एक बाळ आलं रे!" कल्लिरोई प्रत्येक यंत्राचे दोन झुरके घ्यायची, "छान आहे" म्हणायची, आणि पुन्हा खिशातून पॉलिक्रोनीसचं काढायची. मी मात्र थांबलो नाही. दिवाणखान्यातल्या कपाटाचा एक खण भरला, मग दुसरा. एक्केचाळीस झाली. प्रत्येक वेगळ्या कंपनीचं, प्रत्येकाची कॉइल वेगळी, एकाची दुसऱ्याला लागणार नाही. बायकोला दागिना आणावा तशी एकेक आणत गेलो. एकाच जातीची दोन घ्यावीत हे डोक्यात आलंच नाही.

अकरा नोव्हेंबरला संत मिनासचा दिवस, माझा नामदिन. त्या दिवशी सारं गाव घरी येतं, खातं, पितं, आणि लायराच्या तारा वाजू लागल्या की जमेल त्याने जागच्या जागी दोन ओळी जोडून गायच्या. टोमणा बसला तरी रागवायचं नाही, उलट ग्लास भरायचा, अशी रीत. निकितासने खण उघडा पाहिला आणि सूर लावला:

*मिनासच्या तबेल्यात घोडे चाळीस अन् एक,*
*स्वारीला निघाला गडी, तर लंगडा प्रत्येक!*

घर हसलं. कल्लिरोईही हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी रीतीप्रमाणे ग्लास भरत राहिलो. तेवढ्यात पॉलिक्रोनीस उठला, टेबलावर ताल धरला:

*आज हसता मिनासला, पण लक्षात ठेवा राव,*
*अडल्या दिवशी त्याच्याच दारी येईल सगळं गाव!*

सगळ्यांनी टाळ्या दिल्या, त्याच्या पाठीवर थापा मारल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निकितासचा टोमणा मी गिळला असता. माझी बाजू घेणारा हा कोण? माझ्याच घरात, माझ्याच नामदिनी वाहवा पुन्हा यालाच!

दुसऱ्या दिवशी मी पिरेअसच्या त्या लेथवाल्याला फोन केला आणि बेचाळिसावं मागवलं. हुबेहूब त्याच्यासारखं. नाताळला कल्लिरोईला द्यायचं, असा बेत होता. खोकं आलं, आणि माझं मन फिरलं. हे दिलं तर ती म्हणणार, "अगदी पॉलिक्रोनीसचंच!" म्हणजे मी एक्केचाळीस वेळा चुकलो आणि तो बरोबर, हे माझ्याच हाताने लिहून देण्यासारखं. खोकं न फोडता गॅरेजमध्ये, बसच्या जुन्या टायरांमागे सरकवलं. कुणाला बोललो नाही.

फेब्रुवारीत दक्षिणेचा वारा सुटला. बंदर अधिकाऱ्याने बोटी बंद केल्या. आमच्या धक्क्यावर असा वारा असला की बोट समोरून हात हलवत निघून जाते म्हणतात. या वेळी तर ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी ताजी भाजी संपली, पाचव्या दिवशी पीठ मोजून मिळू लागलं. सिगारेटी मात्र निकितासकडे छतापर्यंत. त्या आमच्या बेटावर कधी संपलेल्या मी पाहिल्या नाहीत.

तिसऱ्याच दिवशी कल्लिरोईचं यंत्र तिच्या हातून दगडी पायरीवर पडलं. काच फुटली, आतली नळी चेपली. ती खणाशी गेली. एकेक काढून बघितलं. याची कॉइल जळलेली, त्याची गळणारी, तिसऱ्याची संपलेली आणि दुसऱ्या कुठल्याची त्यात बसेना. एक्केचाळीस यंत्रं टेबलावर पसरून ती त्यांच्याकडे बघत बसली. तिची बोटं थरथरत होती. मला गॅरेजमधलं खोकं दिसत होतं, टायरांसकट. उठावं असं वाटलं. पण काय सांगून द्यायचं? मी शब्द जुळवत बसलो. तिने कोट चढवला, अगदी सावकाश एकेक बटण लावलं, आणि पॉलिक्रोनीसकडे गेली. अर्ध्या तासात परत आली ती त्याचं रुमालातलं यंत्र घेऊन.

"देऊन टाकलं?" मी विचारलं.

"न विचारता," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी दुपारी मच्छीमारांच्या छोट्या बंदरात एका होडीचा दोर तुटला. पॉलिक्रोनीस तिथेच होता. वाकून दोर धरायला गेला आणि खिशातलं यंत्र धक्क्याच्या आणि होडीच्या मधल्या पाण्यात पडलं. कल्लिरोईने ऐकलं तशी ती धावत गेली, त्याने दिलेलं त्याला परत करायला. त्याने हात मागे घेतले. "तू वापर, कुंबारा. तुझी छाती आहे. माझं मी बघतो."

संध्याकाळी तो माझ्या दारात आला. आत बसला नाही. नऊ वर्षांत प्रथमच मी त्याचे हात रिकामे पाहिले. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. सारखे खिशाकडे जात होते.

"मिनास," तो म्हणाला, "माझ्यासारखं एखादं आहे का रे तुझ्याकडे?"

माझ्याकडे! छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे काहीतरी मागत होता. हा क्षण मी किती वेळा मनात रंगवला होता. आणि मला एवढंच दिसलं की मी दिलं तर उद्या कॅफेत बोलतील: पाहा, शेवटी मिनासनेही पॉलिक्रोनीसचंच घेतलं.

"नाही," मी म्हणालो. "खणात बघ हवं तर. तुझ्या कामाचं काही नाही त्यात."

तो क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मान हलवली. "बरं. शुभ रात्री, कुंबारे."

सातव्या दिवशी सकाळी मी कॅफेत होतो. तो आला, नेहमीची साधी कॉफी मागवली, अर्धी प्याला, आणि निकितासला म्हणाला, "एक दे रे." निकितासला वाटलं पाणी. पॉलिक्रोनीसने बोटाने फळीवरचं पाकीट दाखवलं. निकितासने ते काढून दिलं. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा पेटली. पहिल्या झुरक्याला तो इतका खोकला की कप लवंडला, आणि मग त्याने दुसरा घेतला, तो मात्र सराईतासारखा.

मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. घरी चालताना माझी पावलं हलकी पडत होती. शेवटी तोही आमच्यासारखाच निघाला.

कल्लिरोई स्वयंपाकघरात शेवटचं पीठ चाळत होती. मी चेहरा लांब केला. "वाईट झालं गं. पॉलिक्रोनीसने ओढली आज. नऊ वर्षांनी."

तिची चाळणी थांबली. "का? तू दिलं नाहीस?"

"काय?"

"मिनास, नोव्हेंबरातलं खोकं."

मी खुर्ची ओढून बसलो.

"अरे, लेथवाल्याकडून पार्सल आलं तर ते त्याचंच असणार, असं समजून रिगोपुला आधी त्याच्याकडेच घेऊन गेली होती. शनिवार होता, मी तिथेच होते. त्याने उलटून तुझं नाव वाचलं आणि परत दिलं. तो त्या आठवड्यात आणखी एक मागवणार होता, वय झालं, हातातून वस्तू सुटतात म्हणून. म्हणाला, आता नको. बेटावर एक जास्तीचं आहे, आणि ते मिनासकडे आहे, म्हणजे काळजी नाही." तिने पिठाचे हात पुसले. "त्या दिवशी मी कोटाची बटणं लावत होते तेव्हा तुझ्याकडेच बघत होते. वाटलं, आता काढशील. काल मी त्याला म्हटलं, टायरांमागे दिसलंय मला ते, मी आणून देते गॅरेजमधून. तर म्हणाला, नको, मी स्वतः मागतो, त्याला बरं वाटेल."

म्हणजे दारात उभा होता तेव्हा त्याला ठाऊक होतं. मी नाही म्हणालो तेव्हाही ठाऊक होतं.

आणि मी असा माणूस, की हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? की नोव्हेंबरपासून त्या दोघांचं माझ्याबद्दल एक गुपित होतं, आणि ते माझ्या चांगुलपणावरच्या भरवशाचं होतं.