पाव्हणं जेवंना

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल: आमच्या घरी पाव्हणं आलं आणि एकोणीस दिवस जेवलं नाही.

एकोणीस! पहिल्यापासून सांगते. (मी पहिल्यापासून सांगायला लागले की लोक मोबाईल बघायला लागतात. तुम्ही आधीच मोबाईल बघताय, त्यामुळं काळजी नाही.)

तर, अक्काचं बाळंतपण पुण्यात झालं. अव्वा, म्हणजे माझी आई, दोन महिन्यांपासून तिकडंच. अप्पांचं टॉवेलचं दुकान. सकाळी दहाला गेले की नऊशिवाय परत नाहीत, आणि आले की जेवून गप. मी घरातनं काम करते, कंपनी हैदराबादची. दिवसभरात मी मोठ्यानं बोललेलं एकच वाक्य असायचं: "सर, तुम्ही म्यूटवर आहात." कॉलेजातल्या मैत्रिणी एकेक करून सोलापूर सोडून गेल्या. शेवटची उरली होती तबस्सुम, तिला पण बेंगळुरूला नोकरी लागली. मी निरोप द्यायला गेले, आता रडायचं म्हणून तोंड वाकडं केलं, तेवढ्यात तिनं एक काचेची पेटी पुढं सरकवली.

"इसको तू रख. हॉस्टेलवाले नै रखने दे रे."

आत तिचा रॉयल पायथन! म्हणजे आफ्रिकेकडचा छोटा अजगर. विष नाही, मनगटाएवढा जाड, चॉकलेटी अंगावर पिवळे ठिपके, आणि घाबरला की स्वतःचा लाडू वळून मधी डोकं लपवतो. रीतसर सरकारी नोंद आहे, कागद आहेत. (कागदावरचा त्याचा फोटो माझ्या आधारकार्डावरच्या फोटोपेक्षा बरा आहे.)

"एक महिना देख," तबस्सुम म्हणाली. "खाया तो तेरा, कागद तेरे नाम पे करती. नै खाया तो पुण्यात मेरे पैचान का आदमी है, उसके पास भेजूंगी. उसकी जान का सवाल है, मजाक नको. और सुन, आठ दिन हात नको लगाव. झाक झाक को देख नको. नयी जगा में उसको अकेला छोडना पडता."

"हौ, हौ," मी म्हणाले.

आता मला सांगा, जी बाई एकटं राहून राहून कंटाळली म्हणून अजगर घरी आणते, तिला तुम्ही सांगताय की त्याला एकटं सोड!

अप्पा दुकानातनं आले, पेटीपुढं दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "घरात त्याचं नाव घ्यायचं न्हाई."

आमच्याकडं साप म्हणत नाहीत, विशेषतः दिवेलागणीला. नाव घेतलं की येतो. लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं.

"अप्पा, पण तो आलेलाच आहे की!"

"मग आणखीन एक यील."

"मग म्हणायचं काय?"

अप्पांनी पेटीकडं बघून विचार केला. "पाव्हणं म्हण. महिन्याचंच हाय न्हवं?"

(इथं खूण करून ठेवा. ह्या एका शब्दानं आमचं घर पेटलं.)

दुसरी अट जेवणाची. आम्ही लिंगायत, आमच्या वाढदिवसाचा केकसुद्धा बिनअंड्याचा. पाव्हण्याला लागतो उंदीर. मेलेला, गोठवलेला. अव्वाच्या फ्रीजमध्ये तो ठेवला असता तर घर विकून दुसरं घ्यावं लागलं असतं. म्हणून उंदीर राहिले तबस्सुमच्या घरच्या जुन्या फ्रीजमध्ये आणि मी लागेल तेव्हा स्कूटीवरनं डबा आणायचा असं ठरलं. त्यासाठी नवा डबा आणला, नवा मग आणला, वजन करायला नवा काटा आणला. चिमटा आणायचा विसरले. घेतला अव्वाचा पापड भाजायचा.

तिसरी अट, "अव्वाला तू सांगायचं, मी न्हाई." म्हणजे कुणीच सांगितलं नाही.

माहिती वाचायला बसले तर सगळीकडं एकच, पेटी गरम कशी ठेवावी! अहो, सोलापूर, मे महिना, बेचाळीस! इथं माणसं भाजून निघतात आणि हे म्हणे उबेसाठी दिवा लावा! त्याला लागते एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, हवेत ओल. म्हणून अप्पांचा कूलर आला माझ्या खोलीत आणि अप्पा गेले गच्चीवर झोपायला. नळाला पाणी पाच दिवसांनी. त्यातलं निम्मं कूलर प्यायचा. आमच्या अंघोळी तांब्यावर आल्या, पण पाव्हण्याची खोली कशी महाबळेश्वर!

लपायला पेटीच्या दोन्ही टोकांना फुटक्या माठाचे अर्धे अर्धे तुकडे पालथे घातले. पाव्हणं आत शिरलं. झालं. आता आठ दिवस बघायचं नाही.

मी पहिल्या दिवशी अकरा वेळा बघितलं.

फक्त माठ उचलायचा, "काय करतंय?" विचारायचं, परत ठेवायचा. मीटिंग संपली की त्याला सांगायचं, आज मॅनेजर काय बोलला. जेवताना ताट घेऊन पेटीपुढं. बरं वाटायचं हो. ते ऐकायचं तरी, निदान मधी उठून जात नव्हतं. (त्याला कान नसतात हे मी चौथ्या दिवशी वाचलं. तरी सांगत राहिले.)

आठव्या दिवशी डबा आणला, गरम पाण्यात उंदीर कोमट केला, चिमट्यात धरून माठाच्या तोंडाशी हलवला. पाव्हण्यानं डोकं काढलं. जीभ काढली. माझ्याकडं बघितलं. आत गेलं.

"खा की! खा की रे, एवढं एकच!"

न्हाई.

तेराव्या दिवशी परत तेच. ह्या वेळी मी पुढ्यात मांडी घालून पाऊण तास बसले, गाणं पण म्हटलं. पाव्हण्यानं लाडू वळला. मी फोन लावला तर तबस्सुम ओरडली, "तू सामने बैठती, इसलिए नै खा रा वो! छोड ना उसको!" आणि मग जरा थांबून, "देख, वजन उतरा तो पुण्याला भेजना पडेगा." वजन केलं. थोडं उतरलं होतं. मला रडूच आलं. महिन्यातले सतरा दिवस उरले होते. नंतर परत मी, लॅपटॉप आणि म्यूटवरचे सर.

तसंच डोळे पुसत मागच्या दारात आले, तर शेजारच्या कस्तुरी काकू भिंतीला टेकून उभ्या. त्यांची आमची भिंत एकच, त्यामुळं आमच्या घरातलं त्यांना आमच्या आधी कळतं.

"काय गं भाग्ये, सारखं खा खा चाललंय. कोण आलंय?"

"पाव्हणं, काकू."

तोंडातनं गेलं! सवयच लागली होती.

"व्हय? कुठलं?"

"आफ्रिकेकडचं."

काकूंच्या भुवया केसात गेल्या. "काय करतंय?"

"काहीच करत नाही. दिवसभर एका जागी."

"म्हंजे तुझ्यासारखंच, घरातनं काम. मग, जेवलं का?"

"तेच की! काही खाईना. मला बघितलं की तोंड लपवतंय."

काकूंनी मला वरनं खालपर्यंत एकदा नीट बघितलं. "ड्रेस तरी बदल जरा," म्हणाल्या आणि घाईनं आत गेल्या.

तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे, तिथं 'पाव्हणं आलंय' ह्याचा आमच्याकडं एकच अर्थ होतो, आणि तो मला माहीत नाही असं नाही. दोनदा आलेत पाव्हणं. दोन्ही वेळा पोहे पोटभर खाल्ले आणि नंतर फोन नाही केला. पण त्या दिवशी कुणीतरी मला लागोपाठ इतके प्रश्न विचारले, की मी उत्तरं देतच सुटले.

काकूंना चार-पाच दिवस कळ निघाली, म्हणजे त्यांच्या मानानं विक्रमच. मग अव्वाचा फोन.

"पाव्हणं आलंय म्हणं."

मला वाटलं, अप्पांनी सांगून टाकलं! एवढं हलकं वाटलं! "अव्वा, तू चिडली नाहीस ना?"

"चिडू कशाला? चांगलंच हाय की. दिसायला कसं हाय?"

"देखणं आहे. जरा बुटकं, जाड."

"आसू दे. सोभाव?"

"एकदम गरीब. आजपर्यंत कुणाला चावलं नाही."

"...घरचं सगळं नीट हाय न्हवं?"

"कागदं सगळी आहेत."

"आन् र्‍हायलंय कुठं? लॉजवर?"

"नाही गं, माझ्याच खोलीत. कूलरपाशी."

फोन कट.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीनं अव्वा सोलापुरात! तिला आणायला अप्पांनी दुकान लवकर बंद केलं, आयुष्यात दुसऱ्यांदा. (पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या लग्नाला.) वाटेत तिनं किती विचारलं तरी ते "पोरगी सांगंल" एवढंच म्हणाले. मी तेव्हा डबा आणायला गेलेले. एकोणिसावा दिवस, तिसरा प्रयत्न. परत येते तर दारात अव्वा, लाल डोळे, एका हातात पेढ्याचा पुडा. भांडायचं का तोंड गोड करायचं, हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं. मागं कस्तुरी काकू, ताटात गरम शेंगापोळ्या.

"कुटाय?" अव्वा म्हणाली.

"आत. पण अव्वा, हळू बोल, ते घाबरतंय."

"ते घाबरतंय! आन् हे काय, डबा? पाव्हण्याला भाईरचा डबा? घरातला गॅस संपला का गं?" म्हणत तिनं डबा हिसकला आणि उघडला.

तिनं झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि ताठ मानेनं खोलीत गेली. मागनं काकू. खोलीत कुणी नाही. कूलर चालू. पेटी. अव्वा पेटीशी वाकली, तेवढ्यात एकोणीस दिवस माझ्यापुढं डोक्यापलीकडं बाहेर न आलेलं पाव्हणं माठाखालनं हातभर बाहेर आलं आणि तिला जीभ दाखवली.

"अय्यय्यो! हावू! हावू!"

(हावू म्हणजे कानडीत तेच, ज्याचं नाव घ्यायचं नाही. अव्वा घाबरली की अक्कलकोटच्या माहेरच्या भाषेत जाते.)

काकू ताटासकट भाईर! अव्वा काकूंच्या पुढं! पेढे कॉटखाली!

"नाव घिऊ नको, दिवेलागण झालीया," अप्पा शांतपणे म्हणाले.

"कानडीत घेतलंय मी!" अव्वा दारापुढच्या ओट्यावरनं ओरडली.

उंदीर गार व्हायला लागला होता. मी घाईघाईनं तो कोमट केला, चिमट्यानं माठाशी ठेवला, कधी नव्हे ते तसाच सोडला, दार ओढलं आणि बाहेर पळाले, कारण अव्वा ओट्यावर बसून हमसून रडत होती.

मग तासभर मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही, निम्मं कानडीत होतं. शेवटी ती दमली. म्हणाली, "दिवसभर त्याच्यासंगं बोलत बसायचीस?"

"मग कुणासंगं बोलू?"

मी सहज म्हटलं हो. पण अप्पा चपलेकडं बघत राहिले. अव्वानं काकूंच्या ताटातली एक शेंगापोळी उचलली, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्या हातात दिला. आम्ही चौघं ओट्यावर बसून खात होतो. अप्पांनी मला विचारलं, "तुझं ते आफिस, काय काय काम आसतंय गं त्यात?" दोन वर्षांत पहिल्यांदा! मी सांगत बसले आणि पाव्हण्याला साफ विसरले.

आत गेले तेव्हा अंधार पडलेला. दिवा लावला. उंदीर नाही! पाव्हणं माठाखाली, पोटात छान फुगवटा!

"जेवलं! अव्वा, जेवलं!" मी अशी ओरडले की काकू पुन्हा घरी पळाल्या.

तबस्सुमला फोन केला. "बोली थी ना मैं," ती म्हणाली. "तू बाहर गयी, उसने खाया."

ज्याच्या सोबतीसाठी आणलं, त्याला घास उतरायला माझी सोबतच नडत होती. हे पचायला मला उंदरापेक्षा जास्त दिवस लागले.

अव्वा चार दिवस राहिली, खोलीत पाऊल न टाकता. जायच्या दिवशी पापड भाजायला चिमटा शोधायला लागली. मी सांगितलं. तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. मग म्हणाली, "आसू दे. पाव्हण्याला आमच्याकडनं आहेर."

आता कागद माझ्या नावावर होताहेत. अव्वा रोज फोन करते आणि माझ्याआधी "पाव्हणं जेवलं का?" विचारते. कस्तुरी काकूंचं तर मत पक्कं आहे: "स्थळ वाईट न्हाई. कमी बोलतंय, महिन्यातनं तीनदा जेवतंय, आन् इष न्हाई."

पाव्हण्याची अट मात्र कायम आहे. जेवायच्या दिवशी मी खोलीत दिसता कामा नये. म्हणून दर दहा दिवसांनी, दिवेलागणीला, मी केस विंचरून बाहेर ओट्यावर बसते आणि पाव्हणं आत कूलरच्या गार वाऱ्यात निवांत जेवतं.

बघायच्या कार्यक्रमात पाव्हणं घरात आणि मुलगीच घराबाहेर, खरं सांगा, तुमच्याकडं झालंय का असं कधी?