दोन्ही बाजूंना नोटीस

बाकीची प्रकरणं आठवायला मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. हे एक मात्र आपणहून आठवतं, आणि आठवलं की तोंड कडू होतं.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. पुण्यातल्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. एका दुपारी निनावी फोन आला, की कर्वेनगरच्या एका सोसायटीत निवृत्त शिक्षिकेच्या घरी रोज संध्याकाळी बैठका होतात, बाहेरची माणसं येतात, देशविरोधी काम चालतं. गोपनीय शाखेचा हवालदार पाठवला. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, चहा-पोहे होते. आणि एका वहीत पाळ्या लावल्यात. फळं कोणी कधी आणायची त्याच्या."

मागची गोष्ट अशी होती. सोसायटीच्या कोपऱ्यावर एक मुसलमान फळवाला वीस वर्षं हातगाडी लावत होता. आसपासच्या भिंतींवर पोस्टर लागली, 'यांच्याकडून खरेदी करू नका.' दोन-तीन तरुण गाडीपाशी उभे राहून गिऱ्हाइकांचे फोटो काढू लागले. गिऱ्हाईक तुटलं. तेव्हा या शिक्षिका बाईंनी घरोघरी जाऊन माणसं जमवली. रोज संध्याकाळी पाच ते सात, पाळीपाळीने, पाच-सहा जणांनी गाडीपाशी थांबायचं आणि फळं घ्यायची. गाडीवर त्यांनी पाटीही लावली, 'आम्ही इथूनच घेतो. फोटो काढायचा असल्यास सांगावे, नीट उभे राहू.'

वरिष्ठांनी सांगितलं, बोलावून घ्या. बाई आल्या. जन्मभर गणित शिकवलेलं, नजर तशीच.

"तुमच्या संघटनेचं नाव काय?"

"नाव नाही ठेवलं. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो, मग भांडणं."

"बैठकीत काय ठरतं?"

"उद्या केळी कोणी घ्यायची ते."

"मॅडम, ही चौकशी आहे."

"अहो, मीही गंभीरच आहे. एका माणसाला हुसकवायला लोक एकत्र येतात, ते आपल्याला चालतं. त्याला राहू द्यायला आम्ही आलो, तर मला इथे बसवलंत. ती पोस्टर कोणी लावली, हे विचारलंत कुणाला?"

विचारलं नव्हतं. दोन तासांनी त्यांना सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात वीस-बावीस माणसं रांगेत उभी. पेन्शनर, लॅपटॉपची बॅग अडकवलेले आयटीवाले, शिकायला आलेल्या अमरावतीकडच्या दोन मुली. प्रत्येकाच्या हातात अर्ज होता, 'मीही त्या बैठकीला जातो. माझाही जबाब घ्यावा.' ठाणे अंमलदाराला खुर्च्या पुरेनात.

रांगेत शेवटी एक वृद्ध गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कापडी पिशवीतून पोस्टरचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"ही उरलेली. माझ्या घरी, माझ्याच प्रिंटरवर छापलीत. तुम्हाला फोनही त्यानेच केला, माझ्यासमोर."

"कोणी?"

"माझ्या मुलाने."

"लेखी द्याल?"

"त्यासाठीच आलोय."

जबाब त्यांनी दोनदा वाचला, लिहून घेणाऱ्या रायटरने चुकवलेला 'बहिष्कार' शब्द दुरुस्त करून घेतला आणि सही केली. निघताना म्हणाले, "त्याला मारू नका. पण सोडूही नका."

तपास तिथेच संपला होता. गुन्हा दाखल करणं तेवढं उरलं होतं. मुलाला बोलावलं. "सर, आम्ही फक्त जनजागृती करतोय," असं तो बोलत असतानाच मी गठ्ठा पुढे ठेवला. त्याचा चेहरा उतरला. "हे कोणी दिलं?" मी सांगितलं नाही. पण तासाभरात त्याला कळलं होतं. माझ्याच ठाण्यातून कोणीतरी कळवलं.

लगेच वरून फोन. "दोन्ही बाजूंना प्रतिबंधात्मक नोटीस द्या आणि विषय संपवा. शेवटचे महिने शांततेत काढा."

मी शांततेत काढले. शांतता बिघडवू नका, अशी नोटीस मुलाला दिली, बाईंना दिली, रांगेतल्या प्रत्येकाला दिली. वडिलांचा जबाब रेकॉर्डवर घेतला नाही. बाईंनी नोटीस वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "दोन्ही बाजू? गाडी उलटवणारा आणि गाडी धरणारा?"

तेव्हा गाडी उलटली नव्हती. ती उलटली महिनाभराने, भर संध्याकाळी, पाळीवरच्या लोकांदेखत. एका आजींचं मनगट मोडलं. सात जणांनी न घाबरता उलटवणाऱ्यांची नावं सांगितली. या वेळी मी गुन्हा दाखल केला. पण कोर्टात आरोपींच्या वकिलाने माझ्या सहीच्या नोटिसा पुढे केल्या. त्याचं म्हणणं, हे साक्षीदार शांतता बिघडवणारे आहेत, असं पोलिसांनीच लिहिलंय. अटकपूर्व जामीन झाला. फळवाला कात्रजला मेहुण्याकडे निघून गेला. त्या वडिलांच्या दारावर कोणीतरी 'गद्दार' लिहिलं. मुलगा वेगळा राहायला गेला, त्याची आई त्याच्याबरोबर गेली. ते गृहस्थ तीन खोल्यांत एकटे राहिले.

बाईंची बैठक अजून भरते. आता पाळ्या कात्रजला जाऊन त्याच्याकडून फळं आणायच्या असतात. निवृत्तीनंतर मी एकदा गेलो होतो. "या, बसा," म्हणाल्या. चहा दिला. पाळीची वही माझ्यापुढे केली नाही.

भित्र्या साक्षीदाराला बोलतं कसं करायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. आपणहून चालत आलेल्या धीट माणसाचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि पुढे पाठवायचं, एवढंच असतं. नव्या शिपायालाही ते येतं.

मलाही येत होतं.