भावजींना एकटं हलवायचं होतं

मला फोटोतल्या एका माणसाला डावीकडून उजवीकडे न्यायचं होतं. एवढंच. आंबेनळी घाटात आडवा झालेला ट्रक सरळ करायलाही इतका आरडाओरडा लागत नाही, जेवढा मी पोलादपूरच्या घरात एकटीनं लॅपटॉपवर केला.

माणूस म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई, वरंधच्या रस्त्यावर आमचं मूळ गाव आहे तिथं राहतात. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्यातून अगदी समोरचं तेवढं दिसतं, तेही दाराशी उजेडात धरलं तर. शिमग्याला गावी गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"तू त्या कम्प्युटरवर जुने फोटू साफ करतेस ना गो? मग मला नि ह्यांना एकदा शेजारी उभं कर. दिसतंय तवर बघून घेते."

दोघांचा एकत्र असा एकही फोटो नाही. अख्ख्या घराचा अंगणात काढलेला एकच आहे. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं शेजारी उभं राहायचं नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे आणि मधोमध खुर्चीत सासूबाई, रस्त्यावर नाका बसवल्यासारख्या. भावजी डाव्या टोकाला, जाऊबाई उजव्या टोकाला. मी हसत "हो" म्हणून आले. त्यात काय मोठं!

माझी नात महाडला पत्रिका आणि फलकांच्या डिझाईनचं काम करते. तिचा जुना लॅपटॉप तिनं मला दिला आणि सॉफ्टवेअर शिकवलं. म्हणजे शिकवलं असं ती म्हणते. हा फोटो मागेच तिनं स्कॅन करून त्यात घालून ठेवला होता. पण मार्च महिना, चवदार तळ्यावर लोक येणार, फलकांची कामं अंगावर. पोरीला जेवायला फुरसत नव्हती. म्हटलं, आपणच करू.

भावजींभोवती माउसनं रेघ काढली. ही रेघ तुटक असते आणि मुंग्यांच्या रांगेसारखी सारखी चालत राहते. टोपीपासून चपलांपर्यंत अख्खे भावजी रेघेत घेताना माझं मनगट भरून आलं. मग हलवायचं बटण दाबून भावजींना ओढलं, तर सगळा फोटोच उजवीकडे निघाला. सासूबाई खुर्चीसकट, मागोमाग नणंदा, तुळस, कडेला झोपलेला कुत्रा. जाऊबाई तर चौकटीबाहेरच पडल्या. पुन्हा रेघ काढली, पुन्हा तेच. लहान करून पाहिलं, सगळं खानदान भातुकलीएवढं झालं. जरा फिरवून पाहिलं, सगळे होडीत बसल्यासारखे कलले. कुत्रासुद्धा. मी नातीला फोन लावला.

"अगं, मी निवडतेय कुणाला, हलतंय कोण! डोळे आहेत का ह्याला?"

"आजी, ओरडू नकोस. फोटो ज्या थरात आहे, लेयर म्हणतात त्याला, तो बंद आहे. मूळ फोटोला धक्का लागू नये म्हणून मी तसा ठेवलाय, ट्रंकेत साड्या ठेवतात तसा. बाहेरून ओढशील तर ट्रंक हलेल, आतली एकच साडी कशी हलेल?"

"मग फोडते ट्रंक."

"फोडता येते. पण मग दर खेपेला लहान-मोठं करशील तसा थोरल्या आजोबांचा चेहरा भुरकट होत जाईल. परत आणता यायचा नाही."

कागदावरचा फोटो ओलीनं कधीच खाल्लाय. भावजींचा चेहरा उरलाय तो ह्या ट्रंकेतच.

"हे बघ," ती म्हणाली, "अख्ख्या थराची दुसरी प्रत काढ. तिच्यात आजोबा सोडून बाकी सगळ्यांवर पडदा टाक. पडदा म्हणजे नुसतं झाकायचं, पुसायचं नाही. मग ती प्रत सरकव."

"म्हणजे बाकीचे हलणारच?"

"हलणारच. दिसणार नाहीत. ठेवते, गिऱ्हाईक आलंय."

हे मात्र मला चटकन समजलं. ह्या घरात एकाला हलवायचं म्हटलं की सगळे हलतात, हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. सॉफ्टवेअरवर उगाच चिडले.

तरी सुटका नव्हती. प्रत सरकली, पण मूळचे भावजी जागचे हलेनात. सासूबाईंच्या दोन्ही बाजूंना एकेक भावजी पहाऱ्याला! डावीकडच्यांवर मागच्या मातीच्या भिंतीचा तुकडा आणून लावला, तर भिंतीला ठिगळ दिसायला लागलं. ते मिटवता मिटवता भात करपला. लॅपटॉप बंबात घालावा असं वाटलं.

आणि उजवीकडे जाऊबाईंना खेटून कोण उभी? मी. नवी नवरी. नायलॉनची साडी, डोक्यावर सुगरणीच्या खोप्यासारखा फुगा, आणि हात असा वर धरलेला की मनगटावरचं घड्याळ दिसावं. घड्याळ भावाचं, मागून आणलेलं आणि बंद पडलेलं. चेहऱ्यावर भाव मात्र असा, की तालुक्यात वेळ सांगणारी ही एकटीच. नवऱ्याशेजारी उभं राहिलं तर आभाळ कोसळेल असं ह्या बयेला खरंच वाटायचं. अक्कल नव्हती, फुगा तेवढा होता. तिच्यावर भिंत ओढताना मला जे समाधान मिळालं ते सगळ्या कामात कुठं मिळालं नाही. मग त्या भिंतीपुढे भावजींना उभं केलं.

लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं गावी गेले. जाऊबाई पडवीत दाराशी बसल्या, लॅपटॉपचा पडदा नाकाला लागेल इतका जवळ घेतला. मग म्हणाल्या, "अगो बाय! एवढे जवळ?"

"तुम्हीच म्हणालात ना, शेजारी?"

"शेजारी म्हंजे काय अंगावर? फुडं सासूबाय बसल्यात."

"अहो, त्या जाऊन किती वर्षं झाली!"

"फोटूत तर बसल्यात नाय का! जरा लांब कर."

मी कपाळावर हात मारला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि भावजींना सरकवलं.

"आनखी."

सरकवलं.

"आता लय लांब गेले. मुंबईला निघाल्यावानी दिसतात."

"बाय, तुम्ही एकदा काय ते ठरवा!"

"चिडतेस काय गो? आन थोडं इकडं."

आणलं.

"अजून." माझ्याकडे न बघता, बोट पडद्यावर ठेवून. "अजून थोडं."

भावजींचा खांदा त्यांच्या पदराला टेकला तेव्हा त्यांनी बोट काढलं. मी आणून ठेवलं होतं त्याहूनही जवळ.

"आता नको हलवू," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.