तुलनेसाठी ठेवलेली वाडी

माझ्या नवऱ्याला एक वाईट खोड आहे, तो दिलेला शब्द पाळतो. अशा माणसाला फसवायला अक्कल लागत नाही.

आमची वाडी वसईच्या पश्चिमेला. केळी, थोडी फुलं, आणि नवऱ्याचा जीव की प्राण असलेला पानमळा. विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं तशी पानं कडेने करपायला लागली. कोणी म्हणे समुद्र आत येतोय, कोणी म्हणे टॉवरवाले बिल्डर बोअरने गोडं पाणी ओढतायत. ज्याला जे कारण आवडेल ते त्याने घ्यावं, आमचे वेल मरत होते.

तेवढ्यात मुंबईच्या एका संस्थेची माणसं आली. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी समजावलं. हवामान बदलाची झळ बसलेल्या देशांना श्रीमंत देश पैसा देतात. त्या पैशाचा खरंच उपयोग होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. म्हणून काही वाड्यांना पावसाचं पाणी साठवून विहिरीत मुरवायची टाकी बांधून मिळणार, काहींना नाही, आणि मग दोघांची तुलना. ज्यांना मिळणार नाही त्यांनी तोवर पाण्याची दुसरी सोय करायची नाही, दुसऱ्या टप्प्यात त्यांनाही टाकी मिळेल. आणि कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. चिठ्ठी म्हटल्यावर आमची माणसं खूश! चर्चच्या सणाला, फेस्ताला, हाउजी खेळतात तशा उत्साहात सगळ्यांनी हात वर केले. रस्त्याच्या पलीकडच्या वाड्यांना टाकी निघाली. तिकडे माझा धाकटा दीर राहतो. अलीकडे आम्ही. आम्हाला मिळाले प्रश्न.

प्रश्न घेऊन संस्थेची एक मुलगी यायची. गोड, नम्र, हातात टॅब. "काका, पाणी कसंय? पानांचा रंग कसाय? झोप लागते का?" नवरा प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा, वर तिला केळ्यांची फणीही बांधून द्यायचा. मी आत भांडी आपटायचे.

पुढच्या उन्हाळ्यात दिराची विहीर गोड झाली आणि आमच्या मळ्याची पार दशा झाली. दीर मनाने चांगला. स्वतः पाइप घेऊन आला, रस्त्याखालच्या मोरीतून ओढला आणि म्हणाला, "दादा, माझं पानी घे. आपल्यात कसला परकेपणा?" वेल तरारले. मग मुलगी आली, तिने पाइप पाहिला आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, असं केलंत तर दोन्ही वाड्या अभ्यासातून काढाव्या लागतील. तुलनाच राहणार नाही. मग दुसऱ्या टप्प्यात तुमचं नाव कसं लावू?"

नवऱ्याने पाइप स्वतःच्या हाताने काढून गुंडाळला. मी ओरडले, "अरे, सख्खा भाऊ पाणी देतोय आणि तू या पोरीचं ऐकतोस? डोकं फिरलंय काय तुझं?"

"सगळ्यांसमोर हात वर केलाय मी," तो म्हणाला. "आनि आपला नंबर जाईल."

पावसाआधीच मळा गेला. वाळलेले वेल उतरवताना तो रडला. मी नाही रडले, मला राग आला की रडू येत नाही. मुलीने ढिगाचा फोटो काढला, "सॉरी काका" म्हणाली आणि टॅबवर काहीतरी दाबलं.

यंदा निकाल सांगायला माणिकपूरच्या एका एसी हॉलमध्ये बोलावलं. परदेशी पाहुणे पुढे, आम्ही मागे. पडद्यावर दोन रेघा, हिरवी वर चढलेली, लाल खाली गेलेली. संस्थेचे साहेब इंग्रजीत सांगत होते की दोन रेघांमधलं अंतर जितकं जास्त, तितका हा पैसा सत्कारणी लागला. मी शाळेत गणित शिकवलंय, मला सगळं कळत होतं. अंतर भलतंच मोठं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरा तर सगळ्यांपेक्षा जोरात वाजवत होता.

"कशाच्या टाळ्या, माहितीये?" मी त्याच्या कानात म्हटलं. "ती लाल रेघ आपण. आपण जितके खाली गेलो, तितकं यांचं भलं झालं."

त्याचे हात थांबले. मग उभा राहिला आणि मराठीत विचारलं, "आता आमचा नंबर कधी?"

मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, तुमच्या वाड्या नसत्या तर काहीच सिद्ध झालं नसतं, तुमचे फार उपकार आहेत. पण इथे सिद्ध झालेल्या गोष्टीला पुन्हा इथेच पैसा द्यायला कोणी तयार नाही, तो आता दुसऱ्या देशात जाईल. हे मराठीत सांगताना मुलगी अडखळली.

"अडखळू नकोस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "प्रश्न विचारताना कधी अडखळली नव्हतीस."

ती रडायला लागली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

जेवणाआधी अहवालाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायचा होता. दिराच्या हातात हिरव्यागार पानांची चवड दिली. नवऱ्याला त्याच्या शेजारी उभं केलं, हात रिकामे. फोटोवाला कॅमेऱ्यामागून म्हणाला, "डावीकडचे काका, तुम्ही हसू नका हां."

नवऱ्याने ओठ मिटले. फोटो निघाला. मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "मी हसत होतो काय गं?"

"हो," मी म्हटलं. "सगळे दात दिसत होते."