शेख सिस्टरांचा कान

गरोदर बाईच्या पोटाला कर्णा लावला की शेख सिस्टर डावा हात वर करायच्या आणि उपकेंद्रात सगळे गप्प व्हायचे. डोळे मिटून त्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकत आणि मग त्या बाईला म्हणत, "पोरगं मजेत हाय. तू कावून रडतीस?" शिरूर कासारजवळच्या आमच्या उपकेंद्रात ठोके ऐकायचं यंत्रही होतं, पण ते कपाटात पडून असे. सिस्टरांना आपल्या कानाचा भारी तोरा. त्यांच्या हाताखाली नवीनच लागलेली नर्स मी. मला त्या तोऱ्याचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

निवृत्ती जवळ आली तशा एकदा म्हणाल्या, "औंदा चिमण्या लई कमी झाल्या बघ." चिमण्या खिडकीच्या गजांवर बसून कचाकचा भांडत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, त्या बघा की खिडकीत." त्यांनी वळून पाहिलं. "मंग मुक्या झाल्या असतील," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दसरा झाला की आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघण्याआधी गरोदर बायका तपासायला येतात. त्या दिवशी दारातच ट्रॅक्टर सुरू होता, वर मोठ्यानं गाणी लावलेली. सिस्टरांनी उसाला निघालेल्या संगीताच्या बाळाचे ठोके ऐकले. खाटेवरून उतरताना संगीता पुटपुटली, "काल अंगावरून रगत गेलं जरा." सिस्टर हसून म्हणाल्या, "हां हां, बेस हाय. जा आता." आणि ती निघालीसुद्धा. मी टेबलापाशी होते म्हणून मला ऐकू आलं. धावत जाऊन मी तिला ट्रॅक्टरमधून खाली उतरवलं.

बीडला नेल्यावर कळलं, बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडाशी होती. तिथले डॉक्टर म्हणाले, उसाच्या फडात कळा सुरू होऊन रक्त सुटलं असतं तर बाई हाती लागली नसती. ती वाचली, पुढे पोरगीही सुखरूप झाली. सिस्टर मात्र कितीतरी दिवस धड जेवल्या नाहीत. "ठोके तर ऐकले की गं मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायच्या.

मग त्या स्वतःहून बीडला कान दाखवायला गेल्या. सोबत मी होते. कानाच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं : वय झालं की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरत जातात, त्याही वरच्या पट्टीतल्या आवाजांच्या आधी. म्हणून चिमण्या गेल्या, बायकांची कुजबुज गेली, गोंगाटात तर काहीच कळेना. बाळाचे ठोके खालच्या पट्टीतले, ते तेवढे शाबूत राहिले. मग त्यांनी सिस्टरांच्या कानात एका यंत्राचं छोटंसं बोंडूक बसवलं. निरोगी कान आवाज ऐकला की आतून बारीकसं उत्तर देतो, ते त्यात टिपलं जातं. सिस्टरांचा कान वरच्या पट्टीला उत्तरच देत नव्हता. "म्हंजे आदी देत व्हता?" त्यांनी विचारलं. "मला कुनी सांगितलंच न्हाई." कानाच्या म्हातारपणाची खूण रक्तात सापडते का, हेही लोक शोधताहेत, पण खात्रीचं अजून काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. "सापडून तरी काय," सिस्टर म्हणाल्या, "संगीता तर हितंच सांगत व्हती."

त्यानंतर त्यांनी कानाला यंत्र लावलं, आणि त्याहून अवघड गोष्ट केली. येणाऱ्या प्रत्येक बाईसमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत त्या सांगू लागल्या, "मला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोल." ज्या कानावर आयुष्यभर मिरवलं, त्याबद्दल हे बोलताना पहिल्यांदा त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला फार वाईट वाटलं. बायकांचीही पंचाईत झाली, कारण मोठ्यानं बोलायची त्यांना सवय कुठली!

निवृत्तीच्या थोडं आधी, टोळ्या निघायच्या दिवसांत, वंदना नावाची गरोदर मुलगी सासूबरोबर आली. सिस्टरांनी काहीही विचारलं की उत्तर सासूच देई. "तुमाला न्हाई इचारलं," सिस्टर म्हणाल्या. वंदना काहीतरी पुटपुटली. "मोठ्यानं." ती पुन्हा बोलली. सिस्टरांनी मान हलवली. "न्हाई आलं ऐकू. अजून मोठ्यानं."

"मला उसाला जायचं न्हाई!" वंदना ओरडलीच. "उभं ऱ्हायलं की डोळ्यांपुढं अंधारी येती!"

बाहेरच्या रांगेतल्या बायका दाराशी येऊन डोकावू लागल्या. सासू दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल की गं. गाव ऐकतंय."

सासूच्या ओठांकडे बघून सिस्टर म्हणाल्या, "ऐकू द्या गावाला. हळू बोलली असती तर मी बी हिला जा म्हनले असते."

त्या साली वंदना उसाला गेली नाही.